एका हातातले दोन बिल्ले

"आई, दरवाजा असा घट्ट का धरलायस? चालत्या गाडीतून उडी मारायचीय का?" लेक हसली.

तिचं काय जातंय हसायला! दोघी निघाल्या होत्या पडद्याचं कापड आणायला. वाटेत फाट्यावर रंगीत पाटी दिसली, 'जुन्या खाणीतलं कलाग्राम', आणि लहर आली तशी तिने गाडी वळवली. आपली आई लग्नाआधी याच खाणीत हजेरी घ्यायच्या कामावर होती, एवढंच तिला ठाऊक. चाळीस वर्षांत आईने इकडे पाऊल का टाकलं नाही, हे तिने कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी विषय बदलण्यात आईचा हात कुणी धरला नसता.

"ऊन फार आहे गं, परत जाऊ."

"ढग आलेत, आई!"

गाव नटून बसलं होतं. मजुरांच्या खोल्यांना निळे-पिवळे रंग, दारोदारी मातीची भांडी, कोळशाच्या ढकलगाड्यांत फुलझाडं. आईला मात्र प्रत्येक खिडकीतून कुणीतरी आपल्यालाच बघतंय असं वाटत होतं. आणि लेक तिला नेमकी जुन्या हजेरीच्या खोलीतच घेऊन गेली. तिथे आता चित्रांचं दुकान होतं.

भिंतीवरचा फळा तसाच होता. खिळ्यांच्या रांगा, खिळ्यांवर पितळी बिल्ले. खाणीत उतरताना कामगाराने आपला बिल्ला सोबत न्यायचा, वर आल्यावर स्वतः हजेरीवालीच्या, म्हणजे आईच्या, हातात द्यायचा आणि तिने तो खिळ्याला लावायचा. रिकामा खिळा म्हणजे माणूस अजून खाली. पण पाळी सुटली की बिल्ले द्यायला ही मोठी रांग लागायची, मग एखादा दोस्ताच्या हाती बिल्ला सोपवून मोकळा व्हायचा. त्या दुपारी एका हातातून दोन बिल्ले आले. "तो मागेच आहे, लाव." तिने लावले. मागे असलेला माणूस विसरलेला डबा आणायला आत वळला होता. अर्ध्या तासाने छत कोसळलं. साहेबाने फळा पाहिला, एकही खिळा रिकामा नव्हता, म्हणून शोधायला कुणाला धाडलंच नाही. त्याचं प्रेत तिसऱ्या दिवशी सापडलं. चौकशीत लिहिलं गेलं, की वर आलेला माणूस चोरून पुन्हा उतरला. दोस्ताची दातखीळ बसली होती. आणि हजेरीवरची बावीस वर्षांची पोर तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिली.

फळ्याखाली चिठ्ठी चिकटवली होती. त्या मेलेल्या माणसाचं नाव, आणि सुबक अक्षरांत चौकशीतलं तेच वाक्य.

"हजेरीवाली ना गं तू?"

दाराशी स्टुलावर बसलेली म्हातारी विचारत होती. त्याची बायको.

"वहिनी..."

"चालीवरून ओळखलं. मी झाडलोट करते इथं. लोक ती चिठ्ठी मोठ्यानं वाचतात, हसतात. काय चोरायला उतरला होता म्हणतात. तू तर इथंच होतीस. परत खाली जाताना पाहिलंस त्याला?"

असं सरळ तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. नुसतं 'हो' म्हटलं की सुटका होती. लेक शेजारीच उभी होती. आता खरं बोललं तर ही पोर आपल्याला पुन्हा आई म्हणेल का?

"तो वर आलाच नव्हता, वहिनी. बिल्ला दुसऱ्यानं दिला, मी घेतला. आणि मग घाबरले."

म्हातारी रडली नाही, तिने शिव्याही दिल्या नाहीत. उठून तिने चिठ्ठी ओरबाडून काढली, उलटी केली आणि पेन पुढे केलं. "लिही. खाली सही कर."

आईची अक्षरं तिरकी जायला लागली. कागद सरकू नये म्हणून लेकीने एक कोपरा बोटाने दाबून धरला.

"मला वाचता येत नाही," म्हातारी म्हणाली. "मोठ्यानं वाच."

आईने वाचलं. चित्रं बघणारी दोघं-तिघं वळली.

म्हातारी ऐकताना ताठ उभी होती. "पुन्हा वाच," ती म्हणाली. "इथं नको. दारात उभी राहून वाच."

बाहेर रस्त्यावर बरीच माणसं होती. आई दारात गेली.