पाडव्यापर्यंतची विहीर

"बुजवायची म्हंजी बुजवायची!" काकासाहेबांनी जेवणाचं ताट पुढं सारलं. "रस्त्याच्या कामाचा मुरूम हाय, शिवमचा जेसीबी हाय. एका दिवसात काम खल्लास!"

"आन् उन्हाळ्यात गावानं काय प्यावं?" सारजाबाई चुलीपुढून उठलीच नाही. "टँकर यायचा तवा येतो. तोवर समद्या पोरी घागरी घिऊन आपल्याच विहिरीवर येत्यात."

"म्हणून तर बुजवायची!"

एवढं बोलून काकासाहेबांनी तोंड फिरवलं. विहिरीचा विषय निघाला की चार वर्षं असंच होत होतं. दोघांपैकी एकजण उठून जायचा. त्या दिवशी सारजाबाई उठली नाही.

"पाडवा होऊ द्या," ती म्हणाली. "मंग काय करायचं ते करा. मी आडवी येणार नाय."

बायको इतक्या लवकर ऐकेल असं काकासाहेबांना वाटलं नव्हतं. का, ते विचारायला हवं होतं. पण विचारलं तर विहिरीबद्दल बोलावं लागलं असतं. त्यांनी मान हलवली आणि लांबच्या बांधानं वावरात निघून गेले. जवळची वाट विहिरीवरून जात होती.

फुलंब्रीपासून दोन कोसांवरचं हे गाव. इथल्या कुठल्याही बाप्याला विचारा, पोहायला कुणी शिकवलं? काकासाहेबांनी. वाळलेला भोपळा पाठीला बांधायचा, पोरगं उचलून विहिरीत टाकायचं आणि मागोमाग आपण उडी घ्यायची. पोरगं दोन घोट पाणी पिऊन, बापाच्या नावानं बोंब मारून तरंगायला लागायचं. त्यांचा स्वतःचा सुदर्शन तर शाळेत जायच्या आधीच तळाची माती मुठीत घेऊन वर यायचा. धाकट्या तनुजानं भोपळा मागितला तेव्हा मात्र काकासाहेब हसले होते. "पोरीच्या जातीला पव्हून काय करायचंय? पाण्यात संसार थाटायचाय का?" सारजाबाईही हसली होती. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, कारण गावात कुठल्याच पोरीला भोपळा बांधत नसत. पाणी मात्र पोरींनीच आणायचं.

मग तो वैशाख आला. पाणी खाली गेलेलं, पायऱ्या शेवाळलेल्या. काकासाहेब आद्रकीच्या वावरात होते आणि बांधावरून कुणीतरी जीव खाऊन ओरडलं, "काकासाहेब, पळा! पोरगी पाण्यात हाय!" ते पळाले. वरूनच उडी घेतली. अख्ख्या गावाला पोहायला शिकवणाऱ्या माणसानं तनुजाला वर आणलं, पण तोवर उशीर झाला होता. पुढं दहावीचा निकाल लागला. पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली होती.

काकासाहेबांनी त्या दिवसापासून पाण्याकडं पाठ फिरवली. सारजाबाईला तेवढंही जमेना. भर दुपारी सगळं सामसूम झालं की तिच्या कानात आवाज व्हायचा. डुबुक. घागर पाण्यात पडावी तसा. ती हातातलं काम टाकून उभी राहायची.

सुदर्शन तिला शहरात, पुंडलिकनगरला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. घरात नळ, पंखा, टीव्ही, सून गुणाची. "माय, लई सोसलंस. आता सुखानं राहा," तो म्हणाला. ती राहिली, दिवाळीपर्यंत. पण गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली की ती दचकून उठायची, आणि उठून करायला तिथं काही नव्हतं. शेवटी तिनं पिशवी भरली.

"काय कमी पडलं गं तुला?" सुदर्शन रडकुंडीला आला.

"कमी काय बी नाय, बाळा. तुह्या घरात सुख लई हाय. सुखानं पोट भरतं रं, दिवस भरत नाय."

गावी आल्यावर तिनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे कुंपणावरचा दुधी भोपळा न तोडता वेलावरच वाळू दिला. आणि विहीर बुजवायची बोलणी झाली त्याच दुपारी तो काखेत मारून ती द्वारकाबाईकडं गेली.

द्वारकाबाई पैठणकडची, गोदाकाठची लेक. लहानपणी नदीत मगरीसारखी पोहायची म्हणे. लग्न होऊन इकडं आली आणि सासरच्या धाकानं घोट्याच्या वर पाणी पाहिलं नाही. आता दात पडलेले, जीभ मात्र शाबूत.

"मला पव्हायला शिकव," सारजाबाई म्हणाली.

म्हातारीनं तिच्या काखेतला भोपळा काढून घेतला. "पव्हून पोर वापस येत नाय, सारजे."

"ठाऊक हाय मला."

"मंग? जिवाला बरं वाटंल म्हणून?"

"बरं वाटायचं ते पुंडलिकनगरला वाटत व्हतं की, पंख्याखाली. मला त्या पाण्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचाय. आन् इहीर बुजायच्या आत एका तरी पोरीला शिकवायचंय."

द्वारकाबाईनं पदर खोचला. "चल. मरायच्या आधी माहं बी अंग भिजंल."

पन्नाशीची सारजाबाई पाठीला भोपळा बांधून खालच्या पायरीवर उभी राहिली. हीच ती पायरी, तनुजाचा पाय घसरला ती. द्वारकाबाईनं काही न सांगता ढकललं. पाणी नाकातोंडात गेलं, कान गच्च झाले आणि एकदम सगळं हिरवं दिसायला लागलं. त्या हिरव्यात पलीकडून कुणीतरी ठकठक करत होतं. तो आपल्याच काळजाचा ठोका, हे तिला वर आल्यावर कळलं. पण पाण्याखाली असताना तिला वाटलं होतं की पोर दार वाजवतेय, आणि क्षणभर तिला वर यायचंच नव्हतं.

भोपळ्यानं तिला वर आणलं.

"काय दिसलं?" द्वारकाबाईनं विचारलं.

"व्हती तिथं," सारजाबाई म्हणाली. पायरीला धरून ती खूप रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. भीती गेली नव्हती. भीतीला घेऊनच ती रोज उतरायची.

साऱ्या गावाला ही गोष्ट कळली. नवऱ्याला मात्र कुणी सांगितली नाही. सांगणार कोण? ज्यानं पोहायला शिकवलं त्याच्यापुढं विहिरीचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. पारावरची माणसं आपसात हसायची, "म्हातारीला भोपळा आन् जवानीला झोपाळा." बायका हसायच्या आणि हळूच विचारायच्या, "लई खोल हाय का गं?"

होळी झाली तेव्हा भोपळा सारजाबाईच्या पाठीवरून सुटून द्वारकाबाईच्या नातीच्या, रूपाच्या पाठीवर आला. पोरगी तिसरीतली, धीट. पण भोपळा सोडायचं नाव काढलं की पायरीला घोरपडीसारखी चिकटायची. आज नको, उद्या. उद्या-उद्या करत पाडवा आला. गुढ्या उभ्या राहिल्या, उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेवर जेसीबीची घरघर ऐकू आली तेव्हा तिघी पाण्यापाशीच होत्या.

"रूपे, आता उद्या नाय," सारजाबाई म्हणाली आणि पोरीच्या पाठीवरची गाठ तिनं सोडली. "मी खाली पाण्यात हाय. मार उडी."

वरच्या बांधानं काकासाहेब जेसीबीच्या पुढं चालत येत होते. चार वर्षांत पहिल्यांदाच या वाटेनं. मान खाली. विहिरीच्या अलीकडं त्यांनी हात वर करून शिवमला थांबवलं आणि तेवढ्यात आवाज झाला.

डुबुक. पाठोपाठ पोरीची किंकाळी.

काकासाहेब पळाले. टोपी कुठं पडली, चप्पल कुठं राहिली, त्यांना कळलं नाही. कठड्यावरून त्यांनी धोतरासकट उडी घेतली, पोरीला कमरेला धरून वर उचललं आणि ओरडायला लागले, "हाय का गं? जित्ती हाय का?"

"सोडा ना आबा!" रूपानं लाथा झाडल्या. "मी पव्हू राहिले व्हते! बिगर भोपळ्याची!"

काकासाहेबांनी वळून बघितलं. हातभर अंतरावर त्यांची बायको पाण्यात उभी होती, पाय मारत, कशालाही न धरता.

"सारजे... तू?"

"व्हय. तळाला बी जाऊन आले."

तेव्हा तो माणूस रडला. चार वर्षांचं रडला, मोठ्यानं, आणि ते रडणं विहिरीच्या दगडांत घुमत राहिलं. सारजाबाईनं त्याला रडू दिलं. आपल्या कानातला आवाज गेला नाही, जाणारही नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पायरीवरून द्वारकाबाई म्हणाली, "भोपळा रिकामाच हाय. बांधू का त्येंच्या पाठीला?"

रूपाला एवढ्या मोठ्या माणसाचं रडणं बघून कसंतरीच झालं असावं. विषय बदलावा तसं तिनं विचारलं, "आबा, माहे पाय बुडत्यात. कामून बुडत्यात?"

काकासाहेबांनी ओल्या हातानं तोंड पुसलं. "गुडघ्यातून मारू राहिली ना. मांडीतून मार." आणि त्यांचा हात आपसूक पोरीच्या पोटाखाली गेला. अशी कित्येक पोरं त्या हातानं तरंगवली होती. पोरगी ही पहिलीच.

वरून जेसीबीचा हॉर्न वाजला. शिवमनं कठड्यावरून डोकावलं. "काकासाहेब, मंग? टाकू का मुरूम?"

"आरं डोळे फुटले का तुहे?" काकासाहेब खालून गरजले. "पोरगी पाण्यात हाय!"