दर अर्ध्या तासाला आजोबा

मुलांना इंटरनेटच्या व्यसनापासून वाचवण्याचं धोरण सरकारनं आणलं, त्यात आजोबांचा फायदाच फायदा होता. मुलांचा फोन रोज चाळीस मिनिटांनी बंद पडणार. मोठ्यांना मोकळीक, पण खेळ चालू असेल तर दर अर्ध्या तासानं मोठ्या माणसानं कॅमेऱ्याला तोंड दाखवायचं. दुपारी मुलगा-सून कामावर. घरात शाळेतून आलेली सहावीतली नात आणि आजोबा. आजी गेल्यापासून ज्या चेहऱ्याकडे कुणी धड पाहिलं नव्हतं, त्याला अचानक भाव आला.

नात आता आजोबांच्याच फोनवर खेळे. पहिले काही दिवस ती दर अर्ध्या तासानं तो त्यांच्या नाकासमोर धरी, टिंग वाजलं की पसार. पण आजोबांनी जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवल्या होत्या. अडलेलं गिऱ्हाईक त्यांना लांबून ओळखू येई. एका दुपारी त्यांनी स्वतःची कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवली. गाल आत गेले, हनुवटी वर आली. फोननं तीनदा निरखून पाहिलं आणि हा माणूस आपल्या ओळखीचा नाही असं कळवलं.

"दात घाला ना, आजोबा. मी मरतेय तिकडे."

"घालतो की. आधी सांग, शाळेत काय झालं आज?"

काही नाही झालं, असं नातीनं सांगितलं. कवळी वाटीतच राहिली. मग हळूहळू दर ठरला: एका टिंगला एक बातमी. विज्ञानाच्या बाई वर्गात का रडल्या, शेजारी बसणारीनं बोलणं का टाकलं, डब्यातली पोळी कोण पळवतं. आजोबा वर सल्लाही देत, तो फुकट. कधीकधी नात सांगण्यात इतकी रंगे की खेळ तिकडे वाट पाहून आपोआप संपे, आणि ती कॉटच्या कडेला पाय हलवत बसलेलीच असे. तशी दुपार आजोबा निव्वळ नफ्यात धरत.

पण सरकारचं यंत्रही काही झोपलेलं नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा गृहस्थ रोज पाच तास उड्या मारण्याचा खेळ खेळतो, हे त्याच्या डोळ्यांवर आलं. एका संध्याकाळी मुलगा-सून नुकतीच घरी आलेली असताना समुपदेशक बाई दारात उभ्या राहिल्या. तीन जिने चढून दमल्या होत्या, म्हणून त्यांनी आधी पाणी घेतलं आणि मग नियम सांगितला. आजोबांच्या नावावर मूल खेळत असेल, तर मुलाचं नाव शाळेत जाणार, तिथे सगळ्यांसमोर वाचलं जाणार आणि वर्षभर रोज शाळा सुटल्यावर सुधारवर्गात बसावं लागणार. नातीचा चेहरा पांढरा पडला.

"मग खेळतं कोण?" बाईंनी विचारलं.

"मी," आजोबा म्हणाले.

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. "बाबा, तुम्ही?"

"तुम्ही दिवसभर नसता. सांगायची लाज वाटली."

खेळून दाखवा, असं बाईंनी सांगितलं. आजोबांनी फोन दोन्ही हातांत भरल्या ताटासारखा धरला. पडद्यावरच्या माणसानं स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि सरळ उकळत्या लाव्ह्यात उडी टाकली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्याला उडीचीही गरज पडली नाही, तो नुसता चालत गेला.

बाईंनी चष्मा वर सरकवला. "रोज पाच तास खेळता, आणि हे?"

"बाई, म्हणून तर पाच तास लागतात."

मुलाला ठसका लागला. बाईंनी नातीकडे पाहिलं, तिची मान खाली जाईपर्यंत पाहिलं. मग त्यांनी निकाल दिला: धोरणात मोठ्यांसाठीही एक कलम होतं. आजोबांना वर्षभर फोनवरचे खेळ बंद, आणि दर गुरुवारी व्यसनमुक्तीच्या वर्गाला हजेरी.

नातीला उरली तिची चाळीस मिनिटं. ती संपली की आठवडाभर ती घरात येरझाऱ्या घालत राहिली, मग खाली अंगणात उतरली. तिथे अशीच चाळीस मिनिटं संपलेली आणखी पोरं जमत. धोरण लागू पडलं, हे मान्यच करायला हवं.

गुरुवारच्या वर्गात आजोबांखेरीज सगळे नुकतं मिसरूड फुटलेले. त्याच समुपदेशक बाई एकेकाला उठवून विचारत, अजून हुरहूर लागते का. आजोबांची पाळी आली.

"दुपारी लागते," ते म्हणाले. "दप्तर टाकून ती लगेच खाली पळते ना, तेव्हा."

बाईंनी त्यांच्या नावापुढे हजेरीची खूण केली. मग "होईल सवय," म्हणाल्या, आणि पुढच्या पोराकडे वळल्या.

सरकारच्या पदरात एक सुटलेलं व्यसन पडलं, नातीच्या पदरात अंगण आणि चार मैत्रिणी, मुलगा-सुनेला निर्धास्तपणा. दंड भरला एकट्या आजोबांनी. तोही कुरकुर न करता, खुर्ची खिडकीशी ओढून, खाली कुणावर राज्य आलंय ते दिसावं म्हणून.