मावशीवाचून अडतं

तुमच्या ऑफिसात असं एक माणूस असेलच, ज्याच्यावाचून सगळ्यांचं अडतं. त्याचं आपण तोंडभरून कौतुक करतो आणि बढतीची वेळ आली की मूग गिळून बसतो. बायकांच्या वॉर्डच्या सिस्टरकडे अशीच एक मावशी होती. वयानं तरुण, पण वॉर्डातल्या मदतनीस बाईला सगळे मावशीच म्हणतात. हट्टी म्हाताऱ्या औषध घेत ते तिच्याच हातून. कुणाची कूस बदलायची असो की नळीवाटे भरवायचं असो, हाक तिलाच.

मावशीला नर्सिंगचा कोर्स करायचा होता. घरात मिळवती ती एकटी, फी कुठून आणणार? हॉस्पिटलच्या निधीतून दरवर्षी एका मदतनीस बाईची फी भरली जाई, वर पगारही चालू राही. फक्त वॉर्डच्या सिस्टरनं समितीपुढे ‘हिला जमेल’ म्हणायला हवं होतं.

समितीनं तीन वर्षं विचारलं. तीन वर्षं सिस्टर म्हणाली, “अजून कच्ची आहे.” आणि बाहेर येऊन मावशीच्या पाठीवर हात ठेवून, “पुढच्या वर्षी बघू गं. अभ्यास वाढव जरा.”

चौथ्या वर्षी खुब्याचं हाड मोडून मोठ्या बाई त्याच वॉर्डात दाखल झाल्या. या हॉस्पिटलच्या जुन्या मेट्रन, आता निवृत्त. पडल्या पडल्या त्या मावशीचं काम बघत होत्या.

“हिला कोर्सला का नाही पाठवलंस?”

सिस्टर हसली. “ही गेली तर माझा वॉर्ड कोण सांभाळणार, बाई? नव्या पोरींना धड चादर घालता येत नाही.”

“तूही माझ्याकडे मदतनीसच होतीस. तुझ्याइतकी कामाची दुसरी नव्हती. तुझं नाव निधीला मी दिलं, आणि नंतर कित्येक महिने माझे हाल कुत्रं खात नव्हतं.”

“मग दिलंत कशाला?”

“तू शिकायला आली होतीस. माझी सोय बघायला नव्हे.”

सिस्टरला दुपारचा डबा गेला नाही. दुसऱ्याच दिवशी ती समितीपुढे उभी राहिली. तिथल्या कारकुनानं जन्मतारीख बघितली आणि मान हलवली. वयाची अट पस्तीस. मावशीनं ती गेल्याच महिन्यात ओलांडली होती.

सिस्टरनं हातापाया पडून पाहिलं. मग बाहेरच्या दोन संस्थांचे उंबरे झिजवले. वयाचा अडसर तिथेही होता, आणि एका ठिकाणी तर समितीच्या कागदांवरचे जुने शेरे वाचून तोंडावर विचारलं, “तीन वर्षं तुम्हीच तिला कच्ची म्हणत होतात ना?”

चादरींच्या खोलीत तिनं मावशीला सगळं सांगितलं.

“म्हणजे मी कच्ची नव्हते?”

“नाही गं. तू गेलीस तर माझं कसं होईल, म्हणून मी खोटं बोलले.”

मावशी चादरीची घडी घालत राहिली. “मला वाटायचं, माझ्या डोक्यातच काहीतरी कमी आहे. पुस्तकं रद्दीत घातली मी. लेकीलाही म्हटलं, आपल्याला नाही जमायचं ते, नाद सोड.”

सिस्टर रडू लागली. मावशीनं घडी पुरी केली, गठ्ठा उचलला आणि ती निघून गेली.

पुढच्या वर्षी सिस्टरनं वॉर्डातल्या सगळ्यात हुशार मुलीचं नाव स्वतःहून दिलं. मुलगी गेली, वॉर्डाची तारांबळ उडाली. एके दुपारी एका म्हातारीची नळी तुंबली. सिस्टरनं सवयीनं हाक मारली, “मावशी, बघ गं जरा.”

“मला नाही जमायचं, सिस्टर,” मावशी शांतपणे म्हणाली. “कच्ची आहे मी.” आणि ती फरशी पुसू लागली. नळी सिस्टरनंच साफ केली.

मंडळी, हाताखालच्या माणसाला मागे ठेवायला शिवी लागत नाही. ‘पुढच्या वर्षी बघू’ एवढं पुरतं, आणि ते आपण गोड हसून म्हणतो. तुमच्या एका शब्दावाचून कुणी खोळंबलं असेल, तर तो शब्द आजच द्या. सिस्टरला अक्कल आली, पण मावशी फरशीच पुसते आहे.