खरं कुणाचं धरायचं

"माणसं धड बोलत नाहीत, आणि तू यंत्रांना बोलतं करायला निघालीस!" आई म्हणाली होती. तिचं खोटं नव्हतं.

बाबांचा रंगाचा कारखाना जुना, काकाचा नवा आणि मोठा. यंदा काकाने बाबांचा कारखाना विकत घेतला. "प्रमुख तूच रे दादा," असं सगळ्यांसमोर म्हणाला. दोन्हीकडचे कॉम्प्युटर जोडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. घरचीच मुलगी, दोघांचीही बोलणी खायला सोयीची.

जोडणीचं सॉफ्टवेअर सुरुवातीलाच विचारतं: दोन्हीकडची माहिती जुळली नाही, तर खरं कुणाचं धरायचं? मी दोन्ही दिशांचे बाण ठेवले होते. म्हणजे बाबांनी केलेला बदलही काकाकडे पोचला असता. आपल्या कारखान्यात आपला शब्द राहावा, एवढंच बाबांना हवं होतं. तोंडाने ते कधीच म्हणाले नसते.

काकाने स्क्रीनकडे बघितलं. "एका म्यानात दोन तलवारी कशाला? आमच्याकडून तिकडे, एवढाच बाण ठेव."

"काका, निदान रंगांचं तरी बाबांचं..."

"अगं, हे फक्त कॉम्प्युटरपुरतं. दादाचा शब्द मी कधी मोडलाय का?"

"बरोबर आहे त्याचं," बाबा म्हणाले. "काढ तो बाण."

मला काकाचा संताप आला, आणि बाबांचा त्याहून जास्त. ज्याला बोट धरून शाळेत नेलं, त्याच्याशी एकदा तरी भांडा की! पण मी बाण काढला.

जोडणी सुरू झाली. काकाकडची माहिती बाबांच्या स्क्रीनवर उतरली. 'कारखाना प्रमुख' या रकान्यात काकाचं नाव आलं. मला हे माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं.

"आता तपासायचं ना?" बाबांनी विचारलं. "इकडे काही बदललं, तर ते टिकता कामा नये."

त्यांनी काकाचं नाव खोडलं आणि एका बोटाने, सावकाश, स्वतःचं लिहिलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काकाचं नाव परत आलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच.

"चोख झालंय गं काम," ते म्हणाले.

मग ते धाकट्या भावाकडे वळले. "उद्यापासून मी यायचं का रे?"

"ये की, दादा," काका म्हणाला. "कधीही ये." पाहुण्याला दारातून निरोप देताना म्हणतात, तसं.