पट्टी सरळच होती

काटकोन मला नुसत्या डोळ्यांनी कळतो, असा माझा समज होता. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं काढली. माझी सही झाल्याशिवाय एक पिंप गेटबाहेर पडत नव्हतं. चुका काढण्याचाच मला पगार मिळायचा. रिटायर झालो आणि घरात चुका काढायला फक्त बायको, कुंदा, उरली. ती बिचारी फारशा चुका करत नव्हती, त्यामुळे माझी पंचाईत व्हायची.

पालेगावच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा हॉलची मोठी भिंत मोकळी होती. उल्हासनगरच्या एका शोरूममध्ये कुंदाला एक डिझायनर आरसा आवडला. ती त्याच्यासमोरून हलेना. मी चौकट निरखली, कोपऱ्यातली फट दाखवली आणि म्हणालो, "ह्याच्यापेक्षा चांगला मी घरी करीन."

"तुम्ही केलात तर मग मला तोच हवा," ती म्हणाली. हे ऐकून मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

तीन महिने गॅलरीत बसून आरसा केला. सागवानी चौकट, तिच्यावर पितळी पट्ट्यांची दुहेरी रेघ आणि दोन रेघांच्या मध्ये आरशाचे नखाएवढे रंगीत तुकडे. तुकडे मी कापायचो, रंग कुंदा निवडायची. लहानपणी विटी लागून तिचा उजवा डोळा अधू झालेला, सगळा भार डाव्यावर. पण रंगांची जाण तिची माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. पाडव्याला आरसा भिंतीवर चढला. अख्खी बिल्डिंग येऊन फोटो काढून गेली.

महिन्याभराने कुंदा वेणी घालता घालता म्हणाली, "अहो, ही उजवीकडची पट्टी जरा वाकलीय का?"

"वाकलीय? माझी पट्टी?"

खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. मी काटकोन तपासायचा सुताराचा गुण्या आणला, लेव्हल आणली. बुडबुडा बरोबर मधोमध. तिला हाताला धरून दाखवला.

"असेल सरळ," ती म्हणाली.

"असेल नाही. आहे."

आठ दिवसांनी ती म्हणाली, आरशात मध्ये काळपट डाग पडलाय. आता मात्र मी चपापलो. आरसा उतरवून पाहिला तर खालच्या कोपऱ्यात खरंच काळा डाग. काच चिकटवायला मागून मी साधं सिलिकॉन लावलं होतं, वाळताना आंबट वास येणारं. तो वास ॲसिटिक ॲसिडचा. आरशामागची चांदी ते खातं. जन्मभर ॲसिडच्या बाटल्या हाताळलेल्या माणसाला हे सुचू नये! लाजेने मेल्यासारखं झालं. डाग मधोमध आहे असं कुंदा म्हणाली होती आणि मला तो कोपऱ्यात सापडला होता. पण मला कारण सापडलं होतं, आणि एकदा कारण सापडलं की मी कोणाचं ऐकत नाही.

उल्हासनगरला जाऊन नवीन काच आणली. दुकानदार म्हणाला, "अंकल, खट्टावाला सिलिकॉन मिरर को नहीं चलता. न्यूट्रल लो." मी त्याला ॲसिडवर लेक्चर द्यायच्या बेतात होतो, पण काय तोंडाने देणार? घरी येऊन सगळी चौकट सोडवली. निम्मे तुकडे फुटले, बोटं कापली, महिनाभर माझी चिडचिड आणि कुंदाचं "राहू द्या हो, होता तसा छान होता." ह्या वेळी मी एक गंमत केली. वरच्या दोन रेघांच्या मध्ये सोनेरी तुकड्यांत तिचं नाव बसवलं. तिला सांगितलं नाही. तिने आपणहून बघावं आणि चकित व्हावं, एवढीच हौस.

आरसा परत चढवला. ती समोर उभी राहिली.

"गेला ना डाग?"

तिने आरशाकडे पाहिलं, मग माझ्या चिकटपट्ट्या लावलेल्या बोटांकडे. "गेला," ती म्हणाली. "सुरेख झालाय."

नावाबद्दल अवाक्षर नाही. म्हटलं, संध्याकाळी दिसेल. मग म्हटलं, उद्या. दिवसातून दोनदा त्याच आरशासमोर वेणीफणी करायची आणि स्वतःचं नाव दिसू नये? मला भयंकर राग आला. मी रुसलो. बासष्टाव्या वर्षी, चांगला दीड महिना. त्या दिवसांत भाजीत दोनदा मीठ पडलं, पेपर घडीसुद्धा न मोडता रद्दीत जायला लागला, चहा कपाबाहेर सांडला. मी सगळं पाहत होतो आणि मनाशी म्हणत होतो, हिचं घरात लक्षच नाही.

मग एके दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या सुनंदाताई विरजण मागायला आल्या.

"अय्या, कुंदावहिनी! मधूभाऊजींनी तुमचं नाव घातलंय आणि तुम्ही बोलला नाहीत?"

कुंदा हात पुसत बाहेर आली. "कुठे?"

"हे काय, वरती!"

कुंदाने वर पाहिलं. मग दाणा टिपणाऱ्या कोंबडीसारखी मान तिरपी केली, पुन्हा सरळ केली. "ते होय? चमकतं तेवढं दिसायचं. मला वाटलं, फुलं आहेत." आणि सुनंदाताई गेल्यावर अगदी हळू म्हणाली, "अहो, डाग गेला नाही. मी जिथे बघते ना, तिथे तो येतो."

मी लगेच फोन करून डॉक्टरांची वेळ घेतली.

दुसऱ्या दिवशी बदलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिच्यासमोर चौकटी आखलेला एक कागद धरला. ती म्हणाली, "रेघा मध्ये वाकल्यात. आणि त्यांच्या मधोमध काळं आहे." मी त्या कागदाकडे पाहत होतो. रेघा सरळ होत्या.

तिच्या डाव्या, चांगल्या डोळ्यातल्या पडद्यामागे रक्त झिरपलं होतं आणि आता तिथे व्रण धरला होता. इंजेक्शनं देऊ, डॉक्टर म्हणाले, कडेचं सांभाळू. मधली नजर आता परत येणार नाही. "रेघ पहिल्यांदा वाकडी दिसली त्याच आठवड्यात आला असतात, तर बरंच वाचलं असतं." ते लिहिता लिहिता साधेपणाने बोलले. भांडायला समोर कोणीच नव्हतं.

रिक्षात मात्र माझा तोल सुटला. "मग डाग गेला, असं का म्हणालीस? मला सांगायचं नाही? इतके दिवस!"

"तुमची बोटं बघितली नाहीत का कशी झाली होती? सांगितलं असतं तर तुम्ही परत उतरवला असता."

"उतरवला असता तर उतरवला असता! माझ्या बोटांचं काय घेऊन बसलीस?" रिक्षावाला मागे वळून बघायला लागला, तर मी त्याच्यावरही खेकसलो. खरं तर मला स्वतःच्या थोबाडीत मारायची होती. ते जमत नव्हतं म्हणून मी सगळ्या जगावर ओरडत होतो.

घरी आलो. ती सोफ्यावर बसली, मी समोर उभा. तिने माझ्याकडे सरळ पाहिलं, मग नजर बाजूच्या भिंतीकडे वळवली आणि तिथेच ठेवली.

"कुठे बघतेस?"

"तुमच्याकडेच. सरळ बघितलं की तुमचं तोंडच जातं. भिंतीकडे बघितलं की कडेला जरा दिसता."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो कोण जाणे. तिने चाचपडत माझं मनगट धरलं.

"ओरडू नका हो. आता मला तुमचा आवाजच तेवढा राहिलाय. तो तरी नीट ठेवा."

मी "बरं" म्हणायला गेलो. तेही ओरडल्यासारखंच आलं.