शनिवारचे काळे चौकोन

गालिच्यांचा कारखाना बंद पडल्यापासून लीव्हनच्या खिशात एक निळे कार्ड असे. टील्ट गावातल्या प्रत्येक बेकाराकडे ते होते. महिन्यातल्या प्रत्येक दिवसासाठी त्यावर एक रिकामा चौकोन. ज्या दिवशी काम मिळेल, त्या दिवशी कामाला हात लावण्याआधी तो चौकोन शाईने काळा करायचा. मग त्या दिवसाचा बेकारभत्ता बुडे. महिनाअखेरीस कार्ड कामगार संघटनेच्या खिडकीवर द्यायचे; भत्ता तिथूनच मिळे.

दर शनिवारी लीव्हन चौकातल्या मारीएटबाईंच्या गाडीवर बटाटे तळी. तिथे त्याची नोंद कुठेच नव्हती. अंधार पडू लागला की बाई घडी केलेल्या नोटा कागदी पुडक्यात घालून त्याच्या कोटाच्या खिशात सरकवत, जणू उरलेसुरले बटाटेच बांधून देत आहेत. नवरा गेल्यापासून अर्ज, नोंदी, कर यांच्या वाटेला त्या गेल्या नव्हत्या. गावाला हे ठाऊक होते, आणि गाव त्याबद्दल बोलत नसे.

लीव्हन तर कशाबद्दलच फारसे बोलत नसे. शनिवारी सकाळी चर्चच्या भिंतीलगतच्या बाकावर बसून तो चौकोन काळा करी, शाईवर फुंकर घाली आणि मगच गाडीवर चढून एप्रन बांधी. बाईंनी काय नोंदवावे, हा त्यांचा प्रश्न; आपले कार्ड खरे असावे, एवढेच त्याचे गणित. त्या चौकोनाला दुसरेही एक टोक असते, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते.

ऑक्टोबरात सरकारी कचेरीचे पत्र आले. मे ते सप्टेंबर बावीस दिवस काम केल्याचे आपण कळवले आहे. आपणास कामावर ठेवल्याचे मात्र कुणीही कळवलेले नाही. मालकाचे नाव शुक्रवारपर्यंत द्यावे.

नाव दिले तर बाईंना दंड, आणि आपला शनिवार संपला. चौकोन चुकून भरले असे लिहिले, तर बावीस दिवसांचा भत्ता उलट हाती पडेल. खोटेपणाला बक्षीस मिळण्याची ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती, आणि दंडापेक्षा त्या बक्षिसाचेच त्याला भय वाटले. पण शनिवार गेला तर मागे काय उरणार होते? एकसारखे सात दिवस, शेजारच्या छपरावरचे धुके, आणि स्वतःचा आवाज विसरत चाललेला गळा.

गुरुवारी दुपारी त्याने पत्र बाईंच्या हातात दिले. कपाळावरचा चष्मा खाली ओढून त्यांनी ते दोनदा वाचले. कढईतल्या फोडी पहिल्या तळणीतून निघून, दुसरीची वाट पाहत जाळीवर फिकट पडल्या होत्या.

"हे चौकोन तू भरलेस? दर शनिवारी?"

"हो."

"मग त्या दिवसाचा भत्ता?"

"मिळत नव्हता."

बाईंनी पत्राची घडी घातली. मग बटाट्यांच्या पोत्यावर बसल्या आणि हसू लागल्या. इतक्या, की चष्म्यावर वाफ धरली.

"अरे लेका, वरून भत्ता मिळतोय असं धरून मी तुला निम्मंच देत होते! म्हणजे घरी झोपून राहिला असतास तर जास्त कमावलं असतंस."

लीव्हनने मान डोलावली. हा हिशेब त्याने पहिल्याच महिन्यात केला होता.

"मग येत का होतास, वेड्या?"

लीव्हनने मिठाच्या डब्याकडे पाहिले. "घरी मला कोणी मीठ जास्त घाल म्हणत नाही," तो म्हणाला.

बाईंचे हसू ओसरले. त्यांनी एप्रन सोडला. गिऱ्हाइकांना म्हणाल्या, आज जरा थांबावे लागेल. एकतीस वर्षांत चालू गाडी त्यांनी कधी सोडली नव्हती. चौक ओलांडताना त्या पुटपुटत होत्या, की कागदपत्रे हे आमच्या ह्यांचे काम, पण ते काही आता वरून खाली येत नाहीत.

संघटनेच्या खिडकीवरच्या हिल्डेने सगळे ऐकून घेतले. दंड होईल, मागची कामगार-विम्याची वर्गणी आणि करही भरावा लागेल. मात्र आपणहून आलात, तेव्हा थोडक्यात सुटाल; यापुढे दर शनिवारी काम सुरू होण्याआधी तुम्हीही त्याची नोंद कळवायची, असे ती म्हणाली. मग तिने मजुरी विचारली. बाईंनी क्षणभर लीव्हनकडे पाहिले आणि पूर्ण मजुरीचा आकडा सांगितला.

"एवढी तुम्ही मला—" लीव्हनने तोंड उघडले.

"गप रे. पाच महिने बोलला नाहीस, आणि आत्ताच कंठ फुटला? राहिलेली देते की. एका तळणीत फोडी कधी झाल्यात का?"

त्या शनिवारी ऊन स्वच्छ होते. लीव्हन बाकावर बसून चौकोन काळा करत होता, तोच गाडीची खिडकी उघडली आणि बाईंचा आवाज सबंध चौकावर पसरला.

"झालं का तुझं? माझी नोंद सातलाच झालीय. तुझ्याआधी."

कबुतरे उडाली. रांगेतल्या दोघांनी वळून पाहिले. एरवी लीव्हनने मान खाली घातली असती.

"थांबा," तो तिथूनच ओरडला, "शाई वाळू द्या."