सुपानंतरचा इतिहास

सूप संपलं की बँडचा इतिहास आणि मुख्य जेवण आलं की गाणी, असा हॉटेलच्या मॅनेजरचा नियम होता. त्यामुळे गेली चार वर्षं दर शनिवारी संध्याकाळी ताई की-बोर्डवर हलके सूर धरून बसायची आणि तिचा धाकटा भाऊ माईक घेऊन तीच गोष्ट सांगायचा. "एकेचाळीस वर्षांपूर्वी, एका लाँड्रीच्या माडीवर, आम्ही तिघांनी..." तिघं म्हणजे तो, ताई आणि ड्रमवाला मित्र. त्याला एका कानाने ऐकू येत नसे, म्हणून सगळे त्याला बहिऱ्या म्हणत आणि तोही ओ देई.

खरं तर चौघं होते. बँड काढला तो दादाने, थोरल्या भावाने. माडी त्याने मिळवली, सायकल विकून गिटार आणली, धाकट्याला मारूनमुटकून गायला उभं केलं. अठरा वर्षांपूर्वी दादाचा डावा हात थरथरायला लागला. तिघांनी बसून ठरवलं, पण त्याला सांगायचं कुणी म्हटल्यावर तिघांचीही दातखीळ बसली. शेवटी दादाला कळलं ते पोस्टरवरून. त्यावर तीनच चेहरे होते. त्यानंतर तो तालमीला आला नाही आणि घरात बँडचा 'ब'ही त्याने कधी काढला नाही.

त्या शनिवारी धाकट्याचा घसा बसला होता. "गाण्यापुरता आवाज राखून ठेवतो. इतिहास तू सांग," तो म्हणाला.

"मला नाही रे बोलता येत."

"चार वर्षं ऐकतेयस. पाठ झालं असेल की."

पाठ झालं होतं, तीच तर पंचाईत होती.

ताईने माईक घेतला. समोर चमचे वाजत होते, कुणी ब्रेड मोडत होतं, ऐकत कुणीच नव्हतं. "एका लाँड्रीच्या माडीवर, आम्ही..." इथे ती थांबली. गहिवर वगैरे काही नव्हता. जिना चढताना माणूस मधल्याच पायरीवर बसतो ना, तशी ती थांबली. मग म्हणाली, "आम्ही चौघांनी."

मागे बहिऱ्याचा ठेका चुकला. ताई सांगत गेली. खालच्या इस्त्र्यांच्या वाफेने गिटारच्या तारा उतरायच्या, दादा दर गाण्यानंतर त्या पुन्हा लावायचा. "मग त्याचा हात थरथरायला लागला, आणि आम्ही त्याला काढलं. त्याला सांगितलंसुद्धा नाही." एक गृहस्थ विनोद समजून हसले, बायकोने त्यांना कोपर मारलं. मॅनेजरने लांबून हात हलवला. "आता गाणं," ताई म्हणाली.

मध्यंतरात, भांडी घासायच्या खोलीबाहेर, धाकट्याने फाटक्या आवाजात तिला गाठलं. "लोकांच्या ताटात आपली धुणी धुतलीस!"

"दमले रे मी. त्याला वगळायला दर शनिवारी जोर लावावा लागतो."

"मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं," बहिऱ्या म्हणाला. "मग म्हटलं, बरं झालं."

धाकटा एका पालथ्या क्रेटवर बसला तो हाक येईपर्यंत उठला नाही.

रविवारी सकाळी ताई दादाकडे गेली. दोन्ही हातांनी कप धरून तो चहा पीत होता. तिने झालं तसं सांगितलं.

"लोक काय म्हणाले?"

"काही नाही. तेवढ्यात जेवण आलं."

दादा खोकेपर्यंत हसला. मग म्हणाला, "पोस्टर छापायच्या आधी छापखान्यातून फोन आला होता मला. तुमचा फोटो राहिलाय का, म्हणून. म्हटलं, नाही, बरोबर आहे. छापा."

"आणि मग आम्हाला काहीच बोलला नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो," तो म्हणाला. "अठरा वर्षं होतील असं काही वाटलं नव्हतं."

तिने त्याला पुढच्या शनिवारी बोलावलं. "एवढा वेळ बसवत नाही आता," तो म्हणाला, आणि ते खरंही होतं.

पुढच्या शनिवारी धाकट्याचा घसा मोकळा झाला होता. सूप उचललं गेलं, त्याने माईक घेतला, ताईकडे न बघता "आम्ही चौघांनी" एवढं घाईघाईने गिळल्यासारखं म्हटलं आणि पुढे गेला. ताई सूर धरून बसली होती. पाठ दुखत होती, आणि अजून अकरा गाणी बाकी होती.